दोन पिढ्यांचे एकच गाणे
बालचित्रपटांतील संगीत : मुलांसाठी रचलेले, मोठ्यांच्याही मनात राहिलेले

लहान मुलांसाठी चित्रपट काढणे अवघड आणि त्या चित्रपटासाठी संगीत देणे त्याहून अवघड, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मुलांना कंटाळा आला की ती तो लपवीत नाहीत. दुसरीकडे, मूल चित्रपटगृहात एकटे येत नाही. त्याच्यासोबत आई-वडील असतात, कधी आजी-आजोबाही असतात. चित्रपट संपल्यावर गाणे घरी येते ते या सर्वांबरोबर. मग ते शंभर वेळा वाजते आणि शंभर वेळा मोठ्यांनाही ऐकावे लागते. अशा कसोटीला उतरलेली गाणी थोडीच आहेत. मात्र जी उतरली, ती पन्नास-साठ वर्षांनंतरही घरोघरी गायली जातात.

या गाण्यांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ती रचणाऱ्यांनी मुलांसाठी म्हणून संगीताचा दर्जा खाली आणलेला नाही. शब्द सोपे असतील, चाल सुटसुटीत असेल, पण राग, ताल, वाद्यमेळ आणि आशय यांत कोठेही हातचे राखलेले नाही. मूल त्यातील नाद उचलते आणि मोठ्यांना त्यातील अर्थ कळतो. एकाच गाण्यात दोघांसाठी जागा असते. मराठी, हिंदी आणि बंगाली चित्रपटांतील काही ठळक उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

१९५३ : दोन मराठी चित्रपट

मराठी घरांत मूल बोलू लागले की बहुधा जे पहिले गाणे शिकते, ते ‘नाच रे मोरा’. हे बालगीत शाळेच्या पुस्तकातून किंवा आकाशवाणीवरून आले, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ते चित्रपटगीत आहे. राम गबाले यांच्या १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकर यांनी ते लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ते गायले. चित्रपट आज फार थोड्यांनी पाहिलेला असेल. गाणे मात्र चित्रपटापासून सुटून स्वतंत्र झाले आणि पिढ्यान् पिढ्यांच्या तोंडी बसले. पु. लं.नी नाटक, विनोद आणि प्रवासवर्णन या क्षेत्रांत केलेले काम सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांची सर्वाधिक मुलांपर्यंत पोहोचलेली कृती कदाचित हीच चाल असेल.

त्याच वर्षी आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला. साने गुरुजींच्या पुस्तकावरील या चित्रपटाने १९५४ मध्ये, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविले. संगीतकार होते वसंत देसाई. यातील ‘भरजरी गं पितांबर’ हे आशा भोसले यांनी गायलेले गाणे द्रौपदी आणि श्रीकृष्ण यांच्या कथेवर आधारलेले आहे. मुलाला त्यात गोष्ट सापडते. मोठ्यांना त्यात सख्खेपणा रक्ताने ठरतो की मनाने, हा प्रश्न ऐकू येतो. याच चित्रपटातील ‘छडी लागे छम छम’ हे गाणे मुले उड्या मारीत म्हणतात. गाण्याचा विषय मात्र मास्तरांचा मार आहे. ज्यांनी तसा मार खाल्ला त्या आजोबांना ते एका अर्थाने भिडते आणि ज्याने छडी कधी पाहिलीच नाही त्या नातवाला निव्वळ अनुप्रासामुळे आवडते.

प्रश्न मोठ्यांचा, उत्तर मुलांचे

हिंदी चित्रपटसृष्टीत १९५४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. राज कपूर यांची निर्मिती आणि प्रकाश अरोरा यांचे दिग्दर्शन असलेला ‘बूट पॉलिश’ याच वर्षी आला. मुंबईच्या झोपडपट्टीतील दोन अनाथ भावंडे आणि त्यांना भीक मागण्यापासून परावृत्त करणारा जॉनचाचा, अशी ही कथा. संगीत शंकर-जयकिशन यांचे होते. ‘नन्हे मुन्ने बच्चे’ हे त्यातील गाणे शैलेंद्र यांनी प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात बांधले आहे. मोठा माणूस विचारतो आणि मुले उत्तर देतात. जॉनचाचाची भूमिका करणाऱ्या डेव्हिड यांच्यासाठी महंमद रफी, तर मुलांसाठी आशा भोसले यांचा आवाज वापरला गेला. ‘देवबाप्पा’, ‘श्यामची आई’ आणि ‘बूट पॉलिश’ या तिन्ही चित्रपटांत विशीच्या उंबरठ्यावरील आशाबाईंचा आवाज आहे, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे.

प्रश्नोत्तरांची ही रचना पुढे बालगीतांच्या हुकमी पद्धतींपैकी एक ठरली. तिचे कारण उघड आहे. घरात हे गाणे म्हणताना भूमिका आपोआप वाटल्या जातात. वडील प्रश्नाची ओळ धरतात, मूल उत्तराची. दोघांनी एकत्र म्हणावे ही सोय गाण्याच्या बांधणीतच आहे.

याच चित्रपटात मन्ना डे यांनी गायलेले ‘लपक झपक’ हे गाणे आहे. तुरुंगातील हा प्रसंग विनोदी आहे, परंतु चाल अडाणा रागावर आधारलेली असून गायकी पूर्ण तयारीची आहे. मूल पडद्यावरील हावभावांना हसते. रागाची ओळख असलेला श्रोता मात्र या गंमतीमागील ताना आणि लयकारी ऐकून थक्क होतो. विनोदासाठी संगीत ढिले करावे लागत नाही, याचा हा उत्तम दाखला होय.

त्याच वर्षीच्या सत्येन बोस दिग्दर्शित ‘जागृती’मध्ये हेमंतकुमार यांचे संगीत आणि कवी प्रदीप यांची गीते होती. विद्यार्थ्यांना देश दाखवायला नेणाऱ्या शिक्षकाचे गाणे प्रदीप यांनी स्वतःच्याच आवाजात गायले. पुढे काही वर्षांतच पाकिस्तानात ‘बेदारी’ या नावाने या चित्रपटाची नक्कल निघाली. चाली जवळजवळ त्याच ठेवून शब्दांत देश तेवढा बदलण्यात आला. ‘बूट पॉलिश’ आणि ‘जागृती’ या दोन्हींत काम केलेला बालकलाकार रतनकुमार तिकडे स्थायिक झाल्यावर ‘बेदारी’तही झळकला. सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले एकाच चालीवर आपापल्या देशाचे गुणगान करीत मोठी झाली. बालगीताची चाल किती दूरवर पोहोचते, याचे हे विलक्षण उदाहरण आहे.

आगगाडीचा ठेका

वसंत देसाई यांचे नाव या इतिहासात पुन्हा येते ते १९६८ मध्ये. हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘आशीर्वाद’मध्ये अशोककुमार यांनी संगीत आणि काव्य यांत रमणाऱ्या जोगी ठाकूर यांची भूमिका केली. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलांच्या घोळक्यात ते ‘रेलगाडी’ हे गाणे म्हणतात आणि तेही स्वतःच्याच आवाजात. गीत हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे आहे. सरोजिनी नायडू यांचे हे धाकटे बंधू कवी, नट आणि पहिल्या लोकसभेचे सदस्यही होते.

या गाण्यात रूढ अर्थाने चाल जवळजवळ नाही. आहे तो आगगाडीच्या चाकांचा ठेका आणि त्यावर स्वार झालेले शब्द. स्थानकांची नावे यमकाने जोडीजोडीने येतात. त्यात सोलापूर-कोल्हापूर आहे आणि अशोककुमार यांच्या घराण्याचे गाव असलेले खांडवाही आहे. वेग हळूहळू वाढतो, श्वास पुरेनासा होतो आणि गाडी स्थानकात शिरताना पुन्हा मंदावतो. भारतात ‘रॅप’ हा शब्द कोणी ऐकलाही नव्हता, तेव्हाची ही रचना आहे. नावे न अडखळता म्हणून दाखविण्याची पैज आजही घरात लावता येते आणि तिच्यात मुलेच बहुधा जिंकतात.

याच चित्रपटातील लता मंगेशकर यांचे ‘एक था बचपन’ हे गुलजार यांचे गीत म्हणजे हरवलेल्या बालपणाची आठवण. एकाच चित्रपटात मुलांचे बालपण आणि मोठ्यांना आठवणारे बालपण अशी दोन्ही गाणी देसाई यांनी शेजारी ठेवली. तीन वर्षांनी ‘गुड्डी’मध्ये त्यांनी वाणी जयराम यांच्याकडून ‘हम को मन की शक्ति देना’ ही प्रार्थना गाऊन घेतली. केदार रागातील ही रचना देशभरातील असंख्य शाळांच्या परिपाठात गेली. ती चित्रपटातली आहे, हे ती म्हणणाऱ्या अनेक मुलांना ठाऊकही नसते.

भुतांचा ताल, गुपीचा सूर

‘रेलगाडी’चे कवी हरींद्रनाथ १९६९ मध्ये एका बंगाली चित्रपटात बर्फी नावाच्या मांत्रिकाच्या भूमिकेत दिसले. तो चित्रपट म्हणजे सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’. आई-वडील आणि मुले यांना एकाच वेळी रिझविणाऱ्या भारतीय चित्रपटसंगीताचा विचार या कृतीशिवाय पूर्ण होऊ शकत नाही.

या चित्रपटाचा जन्मच एका मुलाच्या हट्टातून झाला. राय यांचे तोवरचे चित्रपट गंभीर आणि मोठ्यांचे होते. आपल्यालाही आवडेल असा चित्रपट काढावा, अशी मागणी त्यांचा मुलगा संदीप याने केली. राय यांनी आपले आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात १९१५ मध्ये आलेली कथा निवडली. गीते आणि संगीत त्यांनी स्वतःच रचले. म्हणजे आजोबांची कथा, वडिलांचे संगीत आणि मुलाचा आग्रह असा चार पिढ्यांच्या घराण्याचा हा मेळ होता.

गुपीला गाण्याची हौस आहे, पण गळा नाही. बाघाला ढोल वाजवण्याची हौस आहे, पण हात नाही. दोघेही आपापल्या गावातून हाकलले जातात. जंगलात भुतांचा राजा त्यांना तीन वर देतो : हवे तेव्हा अन्नवस्त्र मिळेल, हवे तेथे जाता येईल आणि त्यांचे गाणे-वाजवणे ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील. पुढे दोन राज्यांतील युद्ध ते गाण्याने थांबवतात. मुलांसाठी ही परीकथा आहे. मोठ्यांना त्यात उपाशी सैनिक, सत्तेसाठी राजाला औषध पाजून क्रूर बनविणारा मंत्री आणि युद्धाची निरर्थकता दिसते.

संगीताच्या दृष्टीने सर्वांत धाडसी भाग म्हणजे सुमारे साडेसहा मिनिटांचे भुतांचे नृत्य. यात एकही शब्द नाही आणि सुरावटही नाही. राय यांनी कर्नाटक संगीतातील तालवाद्यांचा वापर केला. राजे, साहेब, सामान्य प्रजा आणि लठ्ठ मंडळी असे भुतांचे चार वर्ग कल्पून त्यांना मृदंगम्, घटम्, खंजिरा आणि मोरसिंग अशी वेगवेगळी वाद्ये वाटून दिली. राजांना मृदंगम्, तर ताठर साहेबांना घटम्. हे वर्ग आधी स्वतंत्र नाचतात, मग आपसांत भांडतात आणि शेवटी चार ओळींत एकत्र येतात. लहान मुलाला भुते नाचताना दिसतात. जाणत्याला त्यात बंगालचा सामाजिक इतिहास आणि कसदार तालवाद्य कचेरी या दोन्ही गोष्टी सापडतात. भाषा न येणाऱ्या मराठी प्रेक्षकालाही या भागाचा पूर्ण आनंद घेता येतो.

गुपीचा आवाज होता अनुप घोषाल यांचा. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये आलेल्या ‘हीरक राजार देशे’ या पुढच्या भागासाठी संगीत, गीते आणि पार्श्वगायन असे तीनही राष्ट्रीय पुरस्कार राय आणि घोषाल यांच्याकडे गेले. उत्पल दत्त यांनी त्यात जुलमी राजा रंगविला. बहुतेक पात्रे यमकांत बोलतात. शिक्षक मात्र साध्या गद्यात बोलतो. मुलांना यमकांची मौज वाटते. आणीबाणी पाहिलेल्या पालकांना यमक कोणाच्या तोंडी आहे आणि कोणाच्या नाही, याचा अर्थ लगेच कळला असणार.

गुलजार आणि पंचम

हिंदीत सत्तरच्या दशकापासून ही परंपरा प्रामुख्याने गुलजार यांनी पुढे नेली. त्यांच्या ‘परिचय’ (१९७२) या चित्रपटावर ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या १९६५ सालच्या अमेरिकी चित्रपटाची छाप उघड आहे. मूळ चित्रपटात शिक्षिका मुलांना पाश्चात्त्य स्वरांची नावे शिकवते. येथे राहुल देव बर्मन यांनी सरगम घेतली आणि किशोरकुमार व आशा भोसले यांच्याकडून ती गाऊन घेतली. गाणे शिकता शिकता स्वरांची ओळख व्हावी, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच परिणामकारक ठरली.

‘किताब’ (१९७७) या घरातून पळून जाणाऱ्या मुलाच्या कथेत वर्गातील दंगामस्तीचे ‘मास्टरजी की आ गयी चिठ्ठी’ हे गाणे आहे. ते गायले पद्मिनी आणि शिवांगी कोल्हापुरे या बहिणींनी. वर्गातील बाक बडवण्याचा ठेका हाच या गाण्याचा प्राण आहे. शब्दांना सुसंगत अर्थ नाही आणि तो असण्याची गरजही नाही.

शेखर कपूर यांच्या ‘मासूम’ (१९८३) मधील ‘लकडी की काठी’ हे या जोडीचे सर्वांत लोकप्रिय बालगीत. वनिता मिश्रा, गौरी बापट आणि गुरप्रीत कौर यांनी ते गायले. घोड्याच्या टापांचा ताल आणि निरर्थक वाटणारी, पण चित्र उभे करणारी शब्दरचना यामुळे ते मुलांना तत्काळ आवडते. चित्रपटाचा विषय मात्र वडिलांच्या विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेल्या मुलाचा आहे. ज्या घरावर संकट येऊ घातले आहे, त्या घरातील मुले निश्चिंतपणे हे गाणे म्हणतात. म्हणूनच पालकांच्या घशात ते गाणे ऐकताना आवंढा येतो.

‘मासूम’ याच नावाच्या १९६० सालच्या चित्रपटातही असेच एक अजरामर बालगीत आहे. ‘नानी तेरी मोरनी’ हे गाणे हेमंतकुमार यांनी आपली मुलगी राणू हिच्याकडून गाऊन घेतले. तिच्या आवाजातील कच्चेपणा त्यांनी पुसला नाही आणि तोच त्या गाण्याचा गोडवा ठरला.

अलीकडची उदाहरणे

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या ‘जंगल बुक’ या जपानी मालिकेच्या हिंदी शीर्षकगीताने गुलजार आणि विशाल भारद्वाज यांना एकत्र आणले. ते गाणे १९९३ मध्ये ऐकणारी मुले आज स्वतः पालक आहेत. भारद्वाज यांनी पुढे ‘मकडी’ (२००२) आणि रस्किन बाँड यांच्या कथेवरील ‘द ब्लू अंब्रेला’ (२००५) हे मुलांचे चित्रपट दिग्दर्शित केले आणि त्यांचे संगीतही दिले.

२००७ च्या ‘तारे जमीं पर’मध्ये शंकर-एहसान-लॉय आणि प्रसून जोशी यांनी दोन्ही टोके साधली. ‘बम बम बोले’ हे मुलांच्या हुंदडण्याचे गाणे. ‘माँ’ हे वसतिगृहात पाठविलेल्या मुलाचे मनोगत. दुसऱ्या गाण्यासाठी शंकर महादेवन आणि प्रसून जोशी या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मुलाला अंधाराची भीती वाटते हे त्यात मूलच सांगते. ते ऐकायचे मात्र पालकांनी, अशी त्या गाण्याची योजना आहे.

मराठीत २०१८ च्या ‘नाळ’ या सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या चित्रपटातील ‘जाऊ दे न वं’ या गाण्याने हीच किमया केली. ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांची चाल आणि जयस कुमार या बालगायकाचा आवाज असलेले हे गाणे म्हणजे मुलाने आईजवळ केलेली लाडीगोडी. त्याची बोली विदर्भातील आहे. पुण्या-मुंबईच्या घरांत कधीही न बोलली जाणारी ही बोली तेथील मुलांनी गाण्याबरोबर सहज उचलली. मुलांसाठी भाषा प्रमाण करून घ्यावी लागते, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

कमी होत चाललेली जागा

एवढे संचित असूनही मुलांसाठी नवे चित्रपटसंगीत आज फारच थोडे तयार होते. १९५५ मध्ये स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. केवळ मुलांच्या चित्रपटांसाठी असलेली स्वतंत्र सरकारी संस्था त्यामुळे उरली नाही. खासगी निर्मात्यांना बालचित्रपटात फायदा दिसत नाही. परिणामी शाळांच्या स्नेहसंमेलनांत सात-आठ वर्षांची मुले प्रौढ प्रेमगीतांवर नाचताना दिसतात. दोष मुलांचा नाही. त्यांच्या वयाची नवी गाणी त्यांच्यासमोर येतच नाहीत.

दुसरा बदल ऐकण्याच्या पद्धतीतील आहे. रेडिओ आणि कॅसेट घरात सर्वांसाठी मिळून वाजत. आता प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे असते. सोबत ऐकण्याची सवय मोडली, तर प्रश्नोत्तरांची गाणी म्हणणार कोण, हा प्रश्न उरतोच. सुदैवाने वर उल्लेखिलेली बहुतेक गाणी आज सहज उपलब्ध आहेत. मुलाला ती नुसती लावून देण्यापेक्षा त्यातील एक ओळ आपण धरणे अधिक महत्त्वाचे.

एकत्र ऐकण्यासाठी

तीन ते सहा वर्षे : ‘नाच रे मोरा’, ‘नानी तेरी मोरनी’ आणि ‘लकडी की काठी’. ठेका धरून, टाळ्या वाजवीत ऐकावीत.

सहा ते दहा वर्षे : ‘रेलगाडी’, ‘नन्हे मुन्ने बच्चे’, ‘परिचय’मधील सरगम आणि ‘जाऊ दे न वं’. ओळी वाटून घेऊन म्हणता येतात.

दहा वर्षांपुढे : ‘गुपी गाइन बाघा बाइन’मधील भुतांचे नृत्य. प्रत्येक वाद्य ओळखण्याचा प्रयत्न करावा. ‘लपक झपक’ ऐकून त्यानंतर अडाणा रागातील एखादी बंदिश ऐकावी. ‘भरजरी गं पितांबर’ ऐकण्याआधी द्रौपदीची गोष्ट सांगावी.